अंगणांतील दुर्गविद्या

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर एकदांचा हातावेगळा झाला, कीं महाराष्ट्रांतील गल्लीबोळांतून एक उद्योग सुरू होतो. त्याला शिक्षक नाहीं, पाठ्यपुस्तक नाहीं, वेळापत्रक तर मुळींच नाहीं. पडक्या भिंतीच्या विटा, कोणाच्या तरी बांधकामावर उरलेले दगड, वाण्याच्या दुकानांतील फाटकीं गोणपाटें आणि कोठून तरी पाटीपाटीनें वाहून आणलेली तांबडी माती यांचा ढीग पडतो, दोन दिवस भांडणें होतात, आणि वसुबारस उजाडण्यापूर्वीं घरापुढें एक डोंगर उभा राहतो. दिवाळींतील हा मातीचा किल्ला आपल्या इतक्या परिचयाचा आहे कीं, त्याच्याकडे विचारपूर्वक पाहावें असें फारसें कोणास वाटत नाहीं. फ्रोबेलच्या लांकडी ठोकळ्यांविषयीं मात्र आम्ही सुशिक्षित लोक आदरानें बोलतों. जर्मनींत सन १८३७ मध्यें त्या थोर पुरुषानें बालशिक्षणाचा जो प्रयोग आरंभिला, त्यांतील ठोकळ्यांचा आपल्या कलेवर कायमचा ठसा उमटला असें फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन स्थापत्यविशारदानें आत्मचरित्रांत नमूद करून ठेविलें आहे, आणि हा दाखला शिक्षणशास्त्राच्या वर्गांतून आवर्जून दिला जातो. दाखला खरा आहे. परंतु ठोकळा गुळगुळीत असतो, काटकोनी असतो, कारखान्यांतून तयार होऊन आलेला असतो. तो मुलाला सहसा ‘नाहीं’ म्हणत नाहीं. माती म्हणते. हा भेद आमच्या मतें लहान नाहीं, आणि प्रस्तुत लेखाचा सारा रोख त्यावरच आहे.

मुलगा पहिल्या दिवशीं तट बांधतो तो उभा, सरळ, फूटपट्टीसारखा. कारण चित्रांत तो तसाच पाहिलेला असतो. रात्रींतून तो बसतो. ओली माती आपल्या मनाजोगत्या उतारावर आल्याशिवाय थांबत नाहीं, आणि हा उतार कोणता तें ती कोणास विचारीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तळाशीं मोठे दगड जातात, तट वरच्या अंगाला आंत झुकतो, त्याच्या पाठीमागें खडी भरली जाते. तिसऱ्या दिवशीं ऊन पडतें आणि बुरुजांना भेगा जातात. मग ओट्यावर बसलेले कोणी आजोबा सांगतात कीं, काळी माती पाण्यानें फुगते व सुकतांना आकसते, तांबडी त्या मानानें शहाणी. आणि काळीच वापरणें भाग असेल तर तींत भुसा किंवा बारीक केलेलें गवत कालवावें. मातीच्या भिंती घालणाऱ्या आपल्या खेड्यांतील लोकांस ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. शहरांतील मुलाला ती त्या एका वाक्यानें कळली नसती. ती कळते, कारण तो स्वतःचा फुटलेला बुरूज पुढ्यांत घेऊन बसलेला असतो.

खरी परीक्षा पुढेंच आहे, आणि ती पाण्याची. किल्ल्यावर तळें हवें हा मुलांचा हट्ट असतो. खड्डा करून तांब्याभर पाणी ओततांच तें क्षणांत नाहींसें होतें, आणि थोड्या वेळानें किल्ल्याच्या पायथ्याशीं चिखलाच्या रूपानें बाहेर पडतें. मग उपाय सुरू होतात: कोणी नारळाची करवंटी पुरतो, कोणी पत्र्याचा डबा, कोणी प्लास्टिकचा कागद अंथरतो, आणि एखादा चिकाटीचा मुलगा चिकणमाती पायांनीं तुडवून तुडवून तिचाच लेप देतो. तलावाच्या बांधाच्या पोटांत पाणी अडविण्यासाठीं अशीच तुडविलेली चिकणमाती भरण्याची रीति आहे, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. त्यानंतर कारंजें. उंचावर टांगलेल्या डब्यांतून सलाइनची जुनी नळी किल्ल्याच्या पोटांतून नेली, कीं माथ्यावर पाण्याची धार उडते. डबा जितका वर, तितकी धार वर. परंतु डब्याची उंची ओलांडून ती कधींही जात नाहीं, मग कितीही फुंका. पाणी आपली पातळी सोडीत नाहीं हा सिद्धांत आम्ही महाविद्यालयांत फळ्यावर आकृति काढून सांगतों, तेव्हां शेवटच्या बांकांवरील मंडळी खिडकीबाहेर पाहत असतात. अंगणांत त्याच सिद्धांतासाठीं पोरें एकमेकांच्या खांद्यावर चढतात. आणि कारंजें उडूं लागल्यावर दहा मिनिटांनीं ध्यानांत येतें कीं, उडालेलें पाणी कोठें तरी गेलें पाहिजे. त्याला वाट ठेविलेली नसते. तें तटाच्या मुळाशीं मुरतें, आणि कारंज्याच्या आनंदांत महादरवाजा खचतो.

तीच गोष्ट हिरवळीची. अळीव, मोहरी किंवा नाचणी आठ दिवस आधीं पेरली, तर लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवा होतो. बीं उगवावें म्हणून ओल हवी, आणि ओल फार झाली तर उतार घसरतो. हा तोल मुलांना रोज सकाळ-संध्याकाळ हातानें पाणी शिंपडून साधावा लागतो. परंतु एकदां मुळें धरलीं म्हणजे तोच उतार, काल शिंपडण्यानेंही ओघळणारा, आज घट्ट होतो. डोंगरावरील गवत व झाडें माती कां व कशी धरून ठेवतात यावर व्याख्यान देणें सोपें आहे. बोटभर अळीवाच्या रोपांनीं तें दाखविलें म्हणजे व्याख्यानाची गरज उरत नाहीं.

आतां खऱ्या गडांकडे वळूं. त्यांच्याविषयीं आपल्याकडे जें सांगितलें जातें त्यांत पराक्रम आहे, प्रसंग आहेत, तोफा व तलवारी आहेत. तें सर्व यथायोग्यच आहे. पण गड टिकला तो कशावर, या प्रश्नाचें उत्तर ज्यानें द्यावयाचें त्यानेंच तें लिहून ठेविलें असून तें निराळें आहे. शिवछत्रपतींच्या हाताखालीं तयार झालेले व पुढें कोल्हापूरच्या गादीची सेवा केलेले रामचंद्रपंत अमात्य यांचें आज्ञापत्र सन १७१५ च्या सुमाराचें. त्यांतील दुर्गप्रकरण वाचतांना ठळकपणें भेटतें तें पाणी. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें. पाणी नसून तें स्थळ बांधणें अगत्याचेंच असेल, तर आधीं खडक फोडून पुढल्या पावसाळ्यापर्यंत सबंध गडास पुरेल इतकीं तळीं व टाकीं करावीं. झरा आहे, पाणी पुरतें आहे, म्हणून निश्चिंत राहूं नये, कारण लढाईंत तोफांच्या आवाजानें झरे क्षीण होतात आणि नेमका तेव्हांच पाण्याचा खर्च वाढतो. यास्तव दोनचार टाकीं राखीव ठेवून त्यांतील पाण्यास एरवीं हात लावूं नये. झऱ्यांविषयींच्या त्या समजुतीस भूगर्भशास्त्र कितपत दुजोरा देईल हा भाग निराळा. परंतु संकटकाळीं पुरवठा घटतो व गरज वाढते, हें जें त्यांतील मर्म, त्याच्या आधारावर आजची कोणतीही नगरपालिका आपलें धोरण आंखूं शकेल. आंखते असें आम्हांस दिसत नाहीं.

यापुढें अमात्य झाडांकडे येतात. गडावर असतील तीं झाडें राखावीं; शिवाय फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष, लिंबें-नारिंगें, फुलझाडें, वेली, किंबहुना उपयोगी असो वा निरुपयोगी, जें जें झाड तेथें जगेल तें लावावें व जतन करावें; निदान लांकूड म्हणून तरी तें वेळेस कामास येतें. आरमाराच्या प्रकरणांत तर आंबा व फणस यांविषयींची त्यांची आज्ञा इतकी कोमल आहे कीं, राजनीतीच्या ग्रंथांत ती वाचतांना क्षणभर थबकावें. हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत; रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात; त्यांस हात लावूं नये, आणि एखादें जीर्ण झाड लागलेंच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. शेवटीं केराची गोष्ट. रस्त्यावर, बाजारांत, तटाजवळ केरकचरा पडूं देऊं नये हें तर आहेच. परंतु झाडलेला केर गडाखालीं न लोटतां जागच्या जागीं जाळावा आणि राख परसांत टाकून घरोघर भाजीपाला करावा, अशी स्पष्ट आज्ञा आहे. केर कड्यावरून खालीं लोटणें किती सोपें होतें हें ज्यानें गड पाहिला आहे त्यास सांगावयास नको. हें लिहिणारा मुत्सद्दी, तोफांच्या माऱ्याचा हिशोब करणारा, राखेंतून भाजी काढण्याचाही हिशोब करीत होता.

बांधणाऱ्यांची करामतही हीच. टाक्यासाठीं खडक फोडावयाचा, तोच दगड तटाला लावावयाचा. म्हणजे जेथून दगड निघाला तेथें पाणी शिरलें, आणि दोन कामांचा खर्च एकांत भागला. कित्येक गडांवर एकाखालीं एक अशीं टाकीं दिसतात. वरच्यांत गाळ बसून खालच्यांत निवळ पाणी उतरतें. कांहीं टाकीं खडकाच्या पोटांत खांब राखून कोरलेलीं आहेत. त्यांवर ऊन पडत नसल्यामुळें वैशाखांतही पाणी फारसें आटत नाहीं. सन १६६४ त मालवणाजवळच्या खडकाळ बेटावर सिंधुदुर्गाचें काम सुरू झालें; चोहोंकडे खारें पाणी असतां त्या गडाच्या आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या विहिरी आहेत. रायगडावर जगदीश्वराच्या देवळांत जो शिलालेख आहे त्यांत हिरोजीनें काय काय बांधलें तें सांगतांना विहिरी, तळीं आणि वनें यांचा उल्लेख गौरवानें केला आहे. राजगडाच्या संजीवनी माचीस दुहेरी तट आहे. बाहेरचा ढासळला तरी आंतला उभा राहावा ही त्यामागील योजना. आणि शेजारच्या डोंगराविषयीं अमात्यांनीं बजाविलें आहे कीं, गडाच्या माऱ्यांत दुसरा पर्वत असूं नये. असल्यास तो सुरुंगांनीं उतरवावा, तें न साधेल तर तोही बांधून बळकट करावा. सन १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं रायगड घेतला तो समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागून. महाराजांच्या काळच्या तोफांस जें अंतर दूर होतें तें दीडशें वर्षांत जवळ आलें होतें.

हें सर्व अंगणांतील किल्ल्यांत कितपत उतरतें? दिसण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर थोडें. तेथें सिंहासन असतें, मावळे असतात, गडाच्या मानानें चौपट मोठी तोफ असते, आणि मावळ्याहून मोठा वाघ गुहेंतून डोकावत असतो. या विसंगतीला आम्ही हसत नाहीं. कारण दिसण्यांत जें उतरत नाहीं तें करण्यांत उतरतें. ज्याचें तळें गळालें आहे आणि ज्याचा दरवाजा स्वतःच्या कारंज्यानें खचला आहे, त्या मुलाला बाराव्या वर्षीं अमात्यांचें ‘आधीं पाणी’ हें सूत्र वाचून दाखवावें, म्हणजे तो तें परीक्षेसाठीं पाठ करणार नाहीं, आपल्याच अनुभवाला दुजोरा म्हणून ऐकेल. उलट ज्यानें गड केवळ चित्रांत पाहिला, त्याला गड म्हणजे शौर्याचें एक नेपथ्य वाटतें. आमच्या इतिहासाच्या शिक्षणांतील मोठी उणीव हीच कीं, त्यांत गड जिंकले जातात व हरले जातात, पण गडावर एखादा मनुष्य उन्हाळ्यांत पाणी पितांना दिसत नाहीं.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे, जरी ती आमच्या वाचकवर्गास फारशी रुचणारी नसली. गड बांधले पाथरवटांनीं, गवंड्यांनीं, बेलदारांनीं, लोहार-सुतारांनीं. त्यांचीं मुलें बापाच्या हाताशीं राहून ही विद्या शिकलीं, आणि एखाद्या हिरोजीचा अपवाद वगळतां त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. आम्हां पांढरपेशांच्या घरांत लेखणी आली आणि माती गेली. वर्षांतून एकदां, आठ दिवसांपुरती, जी माती आमच्या मुलांच्या हातीं येते ती या किल्ल्याच्या निमित्तानें; आणि तेवढ्यांतही ‘कपडे मळतील’, ‘सर्दी होईल’ हा घोष चालूच असतो. मुलाला पुढें इंजिनिअर करण्यासाठीं शिकवणीच्या वर्गास वर्षाकांठीं हजारों रुपये मोजणारें घर चार पाट्या मातीला अंगणांत येऊं देत नाहीं, यांतील विनोद घरांतल्यांच्या लक्षांत येत नाहीं इतकेंच. मुलींचा प्रकार तर याहून निराळा. त्यांना रांगोळीकडे पाठविण्याची जुनी वहिवाट अजून पुष्कळ घरीं आहे. रांगोळी ही भूमितीची उत्तम गुरु आहे हें आम्ही जाणतों. पण ज्या घरीं बहिणीचा हात किल्ल्याला लागतो, तेथें पाण्याची वाट आधीं आंखली जाते असा आमचा अनुभव आहे.

पश्चिमेकडील एका प्रयोगाची येथें आठवण होते. सी. टी. सोरेन्सन नांवाच्या डॅनिश उद्यानरचनाकारानें अनेक क्रीडांगणें आंखून दिलीं होतीं; पण त्याच्या ध्यानांत आलें कीं, मुलें त्याच्या सुबक क्रीडांगणांपेक्षां बांधकामाच्या जागीं व भंगाराच्या ढिगांवर अधिक रमतात. सन १९३१ मध्यें त्यानें तशी सूचना पुस्तकांत मांडली. आणि सन १९४३ मध्यें, डेन्मार्क देश जर्मन फौजांनीं व्यापलेला असतां, कोपनहेगनच्या एम्ड्रप भागांत कामकरी लोकांच्या वसाहतीशेजारीं ती प्रत्यक्षांत आली. जुनीं लांकडें, विटा, दोर व हत्यारें यांखेरीज तेथें कांहीं नव्हतें. घसरगुंडी नव्हती, झोपाळा नव्हता. मुलांनीं खोपटीं बांधलीं, पाडलीं, पुन्हा बांधलीं. पहिला देखरेख करणारा जॉन बर्टेल्सन हा पूर्वीचा खलाशी. आपण शिकवावयास आलों नसून मुलांच्या कामांत आड न येण्यास आलों, अशा वृत्तीनें तो वागला. सन १९४६ मध्यें लेडी ॲलन या इंग्रज बाईंनीं तें स्थळ पाहिलें व बाँबहल्ल्यांनीं ओस पडलेल्या आपल्या देशांतील जागा मुलांना अशाच द्याव्या म्हणून चळवळ केली; सन १९४८ मध्यें लंडनच्या कँबरवेल भागांत तसें क्रीडांगण निघालें. आपल्या साऱ्या कृतींत हीच दिसावयास सर्वांत ओंगळ, तथापि आपल्याला तीच सर्वांत सुंदर वाटते, असें सोरेन्सननें पुढें लिहिलें. हा देश किंवा तो देश श्रेष्ठ असें ठरविण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. सोरेन्सनला युद्धाच्या काळांत विचारपूर्वक जें निर्माण करावें लागलें, तें आपल्या गल्लींत न मागतां मिळालेलें आहे. आणि न मागतां मिळालेल्या वस्तूची होते ती अवस्था त्याची होऊं लागली आहे.

अलीकडे बाजारांत प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. रंगविलेले, हलके, गॅलरींत मावणारे. ज्यांच्या घरापुढें अंगण राहिलें नाहीं त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. शहरांतील इमारतींत मोटारी ठेवण्यास जी जागा आहे ती मुलांच्या वाट्यास कोठून यावी? पण तयार किल्ला गळत नाहीं, ढासळत नाहीं, त्याला भेग जात नाहीं. आणि दिवाळी संपल्यावर तो मातीसारखा विरघळतही नाहीं. ज्या गुणांमुळें तो सोयीचा, त्याच गुणांमुळें तो निरुपयोगी.

सन २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा दुर्गांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत अकरा महाराष्ट्रांतील असून बारावा तमिळनाडूंतील जिंजी आहे. असा मान मिळाला म्हणजे विशिष्ट गडाची हुबेहूब प्रतिकृति करण्याची हौस वाढणार हें उघड आहे. तिचाही फायदा आहे. राजगड करावयाचा म्हटलें म्हणजे तीन माच्या कोणत्या दिशांस फुटतात तें नकाशांत पाहावें लागतें, उंचीचें प्रमाण धरावें लागतें, आणि चौपट तोफ आपोआप लहान होते. भीति आहे ती स्पर्धांची. अशाच एका स्पर्धेस परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांस आला होता. एका चाळीच्या मागील बाजूस चौघां मुलांनीं ओबडधोबड गड केला होता. रंग नाहीं, दिवे नाहींत. पण त्यांतील एका मुलीनें आम्हांस खालीं वांकून पाहावयास लावलें. तळ्याच्या कांठापासून पायथ्यापर्यंत फुटक्या कौलांची एक पन्हळ मातीच्या पोटांतून काढली होती, आणि तिच्या तोंडाशीं कुंडी ठेविली होती. कारंज्याचें पाणी कुंडींत, कुंडींतलें पाणी वाटीनें पुन्हा डब्यांत. दुसऱ्या परीक्षकांच्या तक्त्यांत सजावट, ऐतिहासिक माहिती, टापटीप असे रकाने होते. पन्हळीसाठीं रकाना नव्हता. आम्हीं समितीस सुचविलें कीं, पुढील वर्षीं प्रत्येक परीक्षकाच्या हातीं पाण्यानें भरलेला एक तांब्या द्यावा, तो त्यानें गडाच्या माथ्यावर ओतावा, आणि पाव तासानें गुण द्यावेत. सूचना हंसण्यावारी गेली. अजूनही ती आम्हांस गंभीरपणें करावीशी वाटते.

तुळशीचें लग्न लागलें कीं किल्ला मोडावयाचा. हा सोहळा पाहावयास सहसा कोणी येत नाहीं. मावळे पुसून पेटींत जातात, विटा ज्याच्या त्याला परत करावयाच्या म्हणून पुन्हा थोडें भांडण होतें, गोणपाट झटकून गच्चीवर वाळत पडतें. अळीव पिवळें पडलेलें असतें. तें मुळांसकट मातींत कालवून ती माती तुळशीच्या व गुलाबाच्या कुंड्यांतून वांटली जाते. दगड मात्र कोणी तरी शहाणा मुलगा जिन्याखालीं रचून ठेवतो. पुढल्या वर्षीं तळाशीं कोणते घालावयाचे तें त्याला आतां ठाऊक झालेलें असतें.